चिठ्ठीवाचूनची गोळी आणि औषधबाजाराचे राजकारण

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पाळी सुटली, की आसपासच्या मेडिकल दुकानांपुढे गर्दी होते. कोणाचे अंग मोडून आलेले असते, कोणाची कंबर धरलेली असते, कोणाच्या लेकराला दोन दिवस खोकला असतो. दुकानातला पोऱ्या वय विचारत नाही, दुसरी कोणती औषधे चालू आहेत हे विचारत नाही, दुखणे किती दिवसांचे आहे हेही विचारत नाही. ‘तापाची द्या’, ‘अंगदुखीची द्या’, ‘जुलाबाची द्या’ एवढे सांगितले, की पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापल्या जातात आणि पुडीत घालून हातावर पडतात. औषधाचे नाव आणि मुदत ज्या तुकड्यावर छापलेली असते तो तुकडा पुष्कळदा दुकानातच राहतो. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरलेल्या आदिवासी मजुराच्या वाट्याला तर हेही येत नाही. मुकादमाच्या खिशातली गोळी हाच त्याचा दवाखाना.

आणि हे घडते कोठे? ज्या नाशकात अंबडला ग्लॅक्सोसारख्या बहुराष्ट्रीय कंपनीचा कारखाना आहे, जेथील गोळे कॉलनीतून औषधांची घाऊक खोकी जिल्हाभर जातात, आणि १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ जेथे आहे, त्या नाशकात. औषध येथे तयार होते, येथे साठवले जाते, औषधाची विद्याही येथूनच राज्यभर वाटली जाते. फक्त गोळी गिळणाऱ्या कष्टकऱ्याला ती काय आहे, हे सांगणारा माणूस येथे नाही. या विसंगतीला अज्ञान हे नाव देऊन मोकळे होणे सोयीचे असले, तरी खरे नाही. तिचे खरे नाव अर्थव्यवस्था असे आहे.

या प्रश्नावर सध्या दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर औषध उद्योगाचा आणि त्याच्या शहरी पाठीराख्यांचा. किरकोळ दुखण्यासाठी डॉक्टरांकडे जाणे ही वेळेची आणि पैशाची नासाडी आहे, शहाण्या नागरिकाने आपले औषध आपणच विकत घ्यावे, सरकारने मध्ये लुडबुड करू नये, असे हा सूर सांगतो. दुसरा सूर वैद्यकीय व्यवसायाच्या पुढाऱ्यांचा. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय काहीही घेणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, असे ते बजावतात. वरकरणी हे दोघे एकमेकांचे विरोधक भासतात. वस्तुतः एका गोष्टीवर त्यांचे पूर्ण एकमत आहे. कष्टकऱ्याने पैसे मोजलेच पाहिजेत, वाद आहे तो कोणाच्या गल्ल्यात मोजायचे एवढाच.

कंत्राटी कामगाराच्या जागी उभे राहून पाहिले, की दोन्ही उपदेशांचे पोकळपण उघडे पडते. सरकारी रुग्णालयात जायचे तर सकाळची वेळ गाठावी लागते, म्हणजे एक खाडा आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार विनामूल्य केले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु केसपेपर फुकट झाला म्हणून बुडालेला रोज परत मिळत नाही. सातपूरला कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, पण कंत्राटदाराने ज्याचे नाव योजनेत घातलेच नाही त्याच्यासाठी त्या इमारतीचा उपयोग तो काय? खासगी दवाखान्यात जावे तर तपासणीचे शुल्क, इंजेक्शन, आणि आग्रह झाला तर सलाईन. अशा वेळी तो चार गोळ्यांची पुडी घेतो, ती बेपर्वाईने नव्हे. त्याला जो हिशेब करणे भाग पाडले आहे, त्या हिशेबाचे ते उत्तर आहे.

कायद्यातील सोयीची संदिग्धता

‘चिठ्ठीविना मिळणारे औषध’ असा स्वतंत्र वर्गच मुळात भारताच्या औषध कायद्यात नाही. १९४० चा औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम यांत एच, एच-१ आणि एक्स या अनुसूची आहेत, त्यांतील औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. जे त्यांत नाही ते चिठ्ठीविना विकता येते, एवढाच काय तो अर्थ. के अनुसूचीत घरगुती औषधांची एक यादी आहे. एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यांत ती विक्रीच्या परवान्याशिवाय विकण्याची मुभा आहे. ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, वेदनाशामक बाम, ग्राइप वॉटर, खोकल्याची औषधे असा तो संग्रह. याच यादीत अतिसारासाठी आयोडोक्लोरोहायड्रॉक्सिक्विनोलिनच्या गोळ्याही घालण्यात आल्या होत्या. हे तेच रसायन, ज्याच्यामुळे जपानमध्ये हजारो लोकांची दृष्टी आणि पाय निकामी झाले आणि ज्याच्या विक्रीवर जपान सरकारने १९७० साली बंदी घातली. टोकियोच्या नागरिकाला जे विष ठरले ते हजार वस्तीच्या भारतीय खेड्याला घरगुती औषध म्हणून चालते, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सोळा औषधांना चिठ्ठीच्या अटीतून सूट देण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. पॅरासिटामॉल, नाकातील चोंदा मोकळा करणारी औषधे, जंतुनाशके, वेदनाशामक मलम अशी ती औषधे होती. पाच दिवसांहून अधिक पुरेल एवढे औषध देऊ नये आणि तेवढ्यात बरे वाटले नाही तर डॉक्टरांकडे जावे, अशी अटही त्यात होती. अट योग्यच आहे. परंतु ती रुग्णाला सांगणार कोण? १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टनेच औषध द्यावयाचे आहे. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि फार्मासिस्ट भलतीकडेच. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने गेल्या दशकाच्या आरंभी हा नियम खरोखर अमलात आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवण्याचे हत्यार उपसले. कायदा मोडणाऱ्याने संप करावा आणि शासनाने नमते घ्यावे, हे दृश्य कामगारांच्या संपाच्या बाबतीत कधी दिसले आहे काय?

इंग्लंडचा दाखला आणि त्याचा विपर्यास

खुल्या औषधविक्रीचे समर्थक हल्ली इंग्लंडचा दाखला देतात. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने मार्च २०१८ मध्ये सर्दी, खोकला, कोंडा, किरकोळ अतिसार अशा पस्तीस अल्पकालीन दुखण्यांसाठी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहू नये, रुग्णाने औषध दुकानातून घ्यावे, अशी सूचना काढली. वर्षाला दहा कोटी पौंडांपर्यंत बचत होईल, असा तिचा हिशेब होता. मग भारताने हे का करू नये, असा सवाल केला जातो.

सवाल करणारे एक गोष्ट सांगावयास विसरतात. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या त्या सेवेत कोणीही नागरिक तपासणीचे शुल्क न देता डॉक्टरकडे जाऊ शकतो. तेथे डॉक्टरचे दार आधी उघडे झाले, त्यानंतर किरकोळ दुखण्यासाठी ते ठोठावू नका असे सांगण्यात आले. भारतात दार उघडण्यापूर्वीच परत फिरण्याचा उपदेश चालू आहे. शिवाय इंग्लंडमधील ही काटकसरही निर्विवाद नाही. वेल्समध्ये २००७ पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून चिठ्ठीवरील औषधांना शुल्कच नाही. त्या सेवेचा शिल्पकार, खाणकामगाराचा मुलगा अन्यूरिन बेव्हन, याने दात आणि चष्मे यांवर शुल्क बसविण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ एप्रिल १९५१ मध्ये मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. रक्कम किरकोळ होती. पण आजारी माणसाच्या खिशात शासनाने एकदा हात घातला, की तो हात पुन्हा बाहेर येत नाही, हे त्या समाजवाद्याने ओळखले होते.

भारतात तर हात आधीपासूनच खिशात आहे. शासनाच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. त्याच वर्षी शासनाचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते. वचनाचे वर्ष उलटले आणि वचन कागदावरच राहिले. अशा देशात ‘आपले औषध आपणच घ्या’ या घोषणेला स्वावलंबन म्हणता येत नाही. शासनाने अंगावरची जबाबदारी काउंटरच्या पलीकडे ढकलली, एवढाच तिचा अर्थ.

पुडीतला नफा

चार गोळ्यांत कसला नफा, असे कोणी विचारील. नफा गोळीत थोडका आणि नावात फार असतो. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली सांगितले होते, की देशाच्या बहुतेक गरजा ११७ आवश्यक औषधांनी भागू शकतात, व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत आणि परकीय कंपन्यांवरील अवलंबन संपवावे. १९७८ च्या औषध धोरणात त्यांतील कितीसे उतरले? ॲनाल्जिन आणि ॲस्पिरिनसह अवघ्या पाच औषधांची व्यापारी नावे रद्द करण्याचे ठरले. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि तो प्रयत्न तेथेच अडकला. ज्या गोळ्या चिठ्ठीविना सर्वाधिक खपतात त्यांच्याच नावांसाठी कंपन्या इतक्या हिरिरीने लढल्या, हा काही योगायोग नव्हे. डॉक्टरने लिहिलेले औषध डॉक्टर बदलू शकतो. कष्टकऱ्याच्या जिभेवर बसलेले नाव मात्र पिढ्यान्पिढ्या टिकते.

किंमतनियंत्रणाची कहाणीही तीच आहे. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ औषधे होती, १९८७ मध्ये ती सुमारे १४० उरली आणि १९९५ मध्ये ७४. २०१३ च्या आदेशाने आवश्यक औषधांच्या यादीला नियंत्रण लावले खरे, पण उत्पादनखर्च पाहण्याऐवजी बाजारातील सरासरी किंमत हाच आधार धरला, म्हणजे चढ्या किमतींनाच शासकीय शिक्का मिळाला. एप्रिल २०२२ मध्ये याच आदेशानुसार कंपन्यांना १०.७६ टक्के दरवाढीची मुभा मिळाली. त्या वर्षी शेतमजुराच्या रोजात एवढी वाढ कोणी आपण होऊन दिली?

नियंत्रणातून निसटण्याची दुसरी वाट म्हणजे मिश्रणे. सुमारे रुपयाला मिळणाऱ्या साध्या पॅरासिटामॉलमध्ये आणखी एकदोन द्रव्ये मिसळायची, चकचकीत नाव द्यायचे आणि किंमत चढवायची. शासनाने २०१६ मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्यांनी पुन्हा न्यायालय गाठले. फेरतपासणीनंतर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर बंदी आली. यांतील कित्येक मिश्रणे ताप, सर्दी, खोकला आणि अंगदुखी यांचीच होती. म्हणजे ज्या औषधांना तज्ज्ञांनी निरुपयोगी किंवा धोकादायक ठरविले, ती वर्षानुवर्षे किरकोळ दुखण्याचा रामबाण म्हणून लोकांच्या गळी उतरविली गेली. या काळात झालेल्या नफ्याचा एक पैसा तरी लोकांना परत मिळाला काय?

चिठ्ठीचे पावित्र्य

येथे डॉक्टरमंडळींना विजयाचा आनंद होण्याचे कारण नाही. चिठ्ठी म्हणजे सुरक्षितता, हे समीकरणही तपासून घेतले पाहिजे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसेरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. औषध मोठ्या सरकारी रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध प्रशासन, पुरवठादार आणि मंत्रालय यांची अभद्र युती चव्हाट्यावर मांडली. त्यानंतर चार दशकांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष वीसहून अधिक बालकांच्या पोटात गेले. तेथेही अनेकांना ते औषध डॉक्टरांनीच लिहून दिले होते. बाटलीत विष आहे की औषध, हे चिठ्ठीवरून कळत नाही. त्यासाठी कारखान्यात जाणारा निःस्पृह निरीक्षक आणि सुसज्ज प्रयोगशाळा लागते, आणि नेमक्या याच दोन जागा शासन रिकाम्या किंवा दुबळ्या ठेवते.

मग सर्व औषधे खुली करावीत काय? मुळीच नाही. काउंटरवरच्या बेबंदशाहीची किंमत कष्टकरीच मोजतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला म्हणजे क्षयाची शंका, थुंकी तपासलीच पाहिजे. पण खोकल्याच्या एकामागून एक बाटल्या रिचवीत महिना निघून जातो आणि तोवर दहा बाय दहाच्या खोलीतल्या सर्वांना लागण होते. तापात ॲस्पिरिन किंवा तीव्र वेदनाशामक घेतले आणि तो ताप डेंग्यूचा निघाला, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. रोजच्या कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडे खराब होतात. गोरेपणाच्या लालसेने तोंडाला लावलेल्या स्टिरॉइडच्या मलमाने कातडी पातळ होते. प्रतिजैविकांचे दोन डोस घेऊन बरे वाटताच सोडून दिले, की जंतू माजतात आणि उद्या तेच औषध कोणालाच लागू पडत नाही. म्हणूनच मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूची आली. तिच्यातील औषधे विकताना रुग्ण आणि डॉक्टर यांची नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. नियम उत्तम आहे. नाशिक जिल्ह्यातील किती दुकानांची ही नोंदवही कोणी उघडून पाहिली, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात विचारावा.

ज्ञान लोकांच्या हाती

या पेचातून सुटण्याचा मार्ग ना दुकानदाराच्या कात्रीत आहे ना डॉक्टरच्या लेखणीत. वैद्यकाचे साधे ज्ञान लोकांच्या मालकीचे करणे, हा तो मार्ग. ही कल्पनाविलासाची भाषा नव्हे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. त्या पाण्याला चिठ्ठी नव्हती, व्यापारी नाव नव्हते, नफाही नव्हता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले. तेथील न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी आढळले, हे १९९० साली ‘लॅन्सेट’ने छापले. नाशिक जिल्ह्यातच दिंडोरी परिसरात काम केलेल्या डॉ. श्याम अष्टेकर यांनी गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांसाठी सोप्या मराठीत वैद्यक मांडले. खेड्यातली बाई न्यूमोनिया ओळखू शकत असेल, तर सर्दीपडशाचे औषध तिच्या हाती देण्यास अडचण कोणती? अडचण बुद्धीची नाही, हितसंबंधांची आहे.

म्हणून समाजवादी चळवळीची मागणी नेमकी आणि चढती असली पाहिजे. किरकोळ दुखण्यांच्या मोजक्या औषधांची कायदेशीर यादी शास्त्राच्या आधारे ठरवावी. ती औषधे फक्त मूळ नावाने, मराठीत ठळक सूचना छापलेल्या वेष्टनात मिळावीत. कोणी घेऊ नये, किती घ्यावे आणि कधी थांबून दवाखाना गाठावा, हे त्यावर वाचता आले पाहिजे. आशा कार्यकर्ती, उपकेंद्र आणि शिधावाटप दुकान यांच्यामार्फत ती विनामूल्य द्यावीत, आणि आशाताईला मानधनावर राबवून न घेता तिला वेतन मिळावे. त्यांची जाहिरात सर्वस्वी बंद व्हावी. फार्मासिस्ट नसलेले दुकान बंद करावे. महापालिकेची आणि कामगार विम्याची बाह्यरुग्ण सेवा पाळी सुटल्यानंतर रात्री नऊपर्यंत चालावी. आजारपणाची भरपगारी रजा कंत्राटी कामगारालाही मिळावी, कारण ज्याला खाडा परवडत नाही त्याला आरोग्य परवडत नाही. औषध निरीक्षकांच्या सर्व जागा भराव्यात.

पक्षातील काही ज्येष्ठांना हा विषय लहान वाटेल. वेतन, जमीन आणि महागाई यांच्यापुढे सर्दीखोकल्याची काय कथा, असे ते म्हणतील. परंतु मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकरी-आदिवासींची फोड आलेली पावले ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे, की लढणारा माणूस आधी धडधाकट राहावा लागतो. कामगार वस्तीत सभासद नोंदणीसाठी दारोदार जाणाऱ्या कार्यकर्त्याने सोबत क्षारपाणी करण्याची कृती आणि दोन आठवड्यांच्या खोकल्याची सूचना नेली, तर त्याचे स्वागत पत्रकापेक्षा अधिक होईल. दुकानातून पावती मागणे आणि कापलेल्या पट्टीवरचे नाव दाखविण्याचा आग्रह धरणे, एवढ्यानेही संघटित ग्राहकाचा धाक निर्माण होतो.

नाशिकच्या भूमीला समाजवादी विचाराची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. १९३२-३३ च्या सुमारास येथील तुरुंगातच जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता प्रभृतींच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. मार्च १९४८ मध्ये याच शहरातील अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसपासून वेगळी वाट धरली. ज्या शहराने सत्तेच्या सावलीतून बाहेर पडण्याचे धैर्य दाखविले, त्या शहरातील कामगार आपल्या लेकराच्या तापाची गोळी कोणत्या नावाची, कोणत्या किमतीची आणि कोणाच्या नफ्याची, हे न विचारता गिळत राहणार असेल, तर दोष कामगाराचा नाही. त्याला तो प्रश्न विचारण्यास शिकविण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले होते, त्यांचा आहे. ते काम सातपूर-अंबडच्या त्या दुकानांपुढच्या गर्दीतूनच सुरू झाले पाहिजे.